डिक्कीतली पुडी

माझ्या शेठनं मला फसवलं आणि मी सगुणाबाईला फसवलं. यातलं पहिलं वाक्य मी पंचवीस वर्षं चहाच्या टपरीपासून सत्काराच्या स्टेजपर्यंत सगळीकडे सांगत आलो. दुसरं आत्तापर्यंत घरातही सांगितलं नव्हतं.

मी गोंदियात धानाची दलाली करतो. धान म्हणजे टरफलासकट तांदूळ, पुण्याकडे ज्याला भात म्हणतात ते. शेतकऱ्याकडे किंवा गोदामात माल पडलेला असतो, राइस मिलला तो हवा असतो, मध्ये मी. माल आधी बघायचा असतो. त्यासाठी आमच्याकडे परखी असते. लोखंडाची टोकदार नळी. पोत्यात खुपसली की मूठभर धान नळीतून बाहेर येतं, पोतं उसवावं लागत नाही. दहा-वीस पोत्यांतून असं धान काढायचं, एकत्र करायचं आणि त्याच्या तीन पुड्या बांधायच्या. एक विकणाऱ्याची, एक घेणाऱ्याची, एक नमुना काढणाऱ्याची. ट्रक मिलवर आला की पुडी उघडायची आणि ट्रकातला माल तिच्याशी ताडून बघायचा. सगळा धंदा त्या मूठभर धानावर चालतो.

बघायचं काय, तर मुख्य म्हणजे ओलावा. धान ओलं असेल तर पोत्यात तापतं, वास मारतं, मिलमध्ये तांदूळ नीट निघत नाही. आता त्यासाठी मीटर आहेत. पण जुने लोक दाढेखाली दाणा धरतात. कोरडा दाणा कटकन तुटतो, ओला दबतो. या दोन्हींच्या मध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत आणि त्या सगळ्या मला उजव्या बाजूच्या खालच्या दाढेवर कळायच्या. मी दाणा चावून सांगितलेला आकडा आणि मीटरचा आकडा यांत फरक पडत नसे. लोक पैजा लावायचे. मार्केटमध्ये मला ‘दाढवाले भाऊ’ म्हणतात.

या वर्षी मला साठ पूर्ण झाली. तारीख शाळेच्या दाखल्यावरची. खरी तारीख आईलाही माहीत नव्हती, रोवणीचे, म्हणजे धानाची रोपं लावायचे, दिवस होते एवढंच ती सांगायची. मुलांनी हॉल घेतला. मोठा मुलगा निलेश फ्लेक्सचं डिझाइन घेऊन आला. त्यावर माझा फोटो आणि खाली ओळ, ‘ना गुरू, ना वारसा, स्वतःच्या दमावर’. ओळ माझीच होती. मी प्रत्येक भाषणात ती म्हणत असे.

“बाबा, तुम्ही ज्यांचे आभार मानणार त्यांची नावं लिहून द्या,” निलेश म्हणाला. “मी स्क्रीनवर टाकतो. एकेक फोटो येईल, टाळ्या होतील.”

मी कागद घेऊन बसलो. पहिलं नाव बायकोचं लिहिलं. दुसरं सुचेना. त्याच आठवड्यात ती दाढ दुखायला लागली. गाल सुजला. डॉक्टर मुलगी तरुण होती. तिनं एक्स-रे दाखवला आणि म्हणाली, दाढेला उभी चीर गेली आहे, काढावी लागेल. काहीतरी कडक चावायची सवय आहे का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, धान. तिला वाटलं मी गंमत करतोय.

दाढ काढली. तिनं ती कापसावर ठेवून दाखवली. मी बघत बसलो आणि माझ्या डोक्यात एकच वाक्य येत होतं. “समोरच्या दातानं उंदीर खाते. मागच्या दाढेनं पाह्य.”

हे वाक्य सगुणाबाईचं.

मी वीस वर्षांचा असताना गोंदियाजवळच्या एका मिलमध्ये हमाल होतो. सगुणाबाई तिथं अंगणात पाखडायच्या कामावर होती. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, नागऱ्याच्या बाजूच्या एका गावची. कामावर पाखडणारी, पण प्रत्येक ट्रक आला की शेठ तिलाच हाक मारायचे. “सगुणा, देख तो जरा.” ती पदराला हात पुसत यायची, परखी खुपसायची, दोन दाणे तोंडात टाकायची आणि सांगायची. शेठच्या टेबलावर मीटर होतं, पण शेठचा भरवसा तिच्या दाढेवर होता. तिच्याबरोबर आणखी पाच-सहा बाया परखी चालवायला शिकल्या होत्या. त्या काळात नमुना काढणं हे त्या मिलमध्ये बायांचं काम होतं. पाखडण्यापेक्षा मान जास्त, मजुरीही थोडी जास्त.

जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या हातावर तीन दाणे ठेवायची आणि विचारायची, यातला कोणता कालचा, कोणता परवाचा, कोणता शेतातून आत्ता आलेला. चुकलो की शिव्या. “दगड हाय का तोंडात?” बरोबर आलो की काही नाही, पुढचे तीन दाणे. हे तिनं दोन वर्षं केलं. फुकट. तिला काय पडलं होतं, मला अजून कळलेलं नाही. तिथले इतर हमाल हसायचे. मी नाही हसलो, कारण मला तिथून बाहेर पडायचं होतं आणि दार कुठं आहे ते मला दिसलं होतं.

पुढं मी हमालाचा मुनीम झालो. खरेदीवर जायला लागलो. तोंड चालायचं, भाव पाडता यायचा, डोकं लवकर तापायचं आणि त्याचाही उपयोग व्हायचा. तिशीला आलो तेव्हा मी स्कूटर घेतली. आमच्या घराण्यात चाकाची पहिली वस्तू. तिच्या पुढच्या बाजूला पत्र्याची डिक्की होती, कुलूप लागणारी.

त्याच उन्हाळ्यात अर्जुनी मोरगावच्या बाजूला एका व्यापाऱ्याच्या गोदामात उन्हाळी धानाचा मोठा माल निघाला. मे महिना. शेठनं मिलची जीप पाठवली, त्यात सगुणाबाई आणि दोन हमाल. मी स्कूटरवर. जीपमध्ये जागा होती. पण मला स्कूटरवर जायचं होतं.

गोदामात सगुणाबाईनं नमुना काढला. तीन पुड्या बांधल्या. दोऱ्याला ती एक वेगळीच गाठ मारायची, दोनदा उलटी. ती गाठ दुसऱ्या कोणाला जमत नसे. दाणा चावून ती माझ्याकडे बघून म्हणाली, “दोन ऊन लागतील याले. शेठले सांगजो.” म्हणजे माल अजून दोन दिवस वाळवावा लागेल, भाव त्याप्रमाणे लावायला सांग. मी मान हलवली. एक पुडी व्यापाऱ्याला दिली, एक तिनं कमरेच्या बटव्यात ठेवली, एक मी घेतली. घेणाऱ्याची पुडी मुनीमच नेणार, असा नियम. ती जीपनं थेट गोंदियाला गेली.

मी थेट गेलो नाही. वाटेत नवेगाव बांध लागतं. तिथं माझी सासुरवाडी. लग्न होऊन सहा वर्षं झाली होती, आणि सहा वर्षं मी एसटीतून उतरून सासऱ्याच्या दारात पायी गेलो होतो. त्या दिवशी मी हॉर्न वाजवत गेलो. स्कूटर मुद्दाम अंगणाच्या मधोमध उभी केली. सावलीत नाही, कारण सावलीत ती रस्त्यावरून दिसली नसती. सासूनं तलावातली मासळी केली. मी जेवलो, पडलो, उठलो, शेजारच्या दोघांना चक्कर मारून आणली. निघताना सासूनं मुलीसाठी मासळीचा डबा दिला, तो मी हँडलला अडकवला. तीन तास झाले होते. मे महिन्याच्या उन्हात पत्र्याची डिक्की आणि आत कागदाची पुडी.

संध्याकाळी मिलवर पोचलो. सगुणाबाई काम संपवून घरी गेली होती. शेठनं पुडी उघडली, धान मीटरमध्ये टाकलं आणि त्यांचा चेहरा खुलला. “एकदम सूखा माल है, दिवाकर. कहाँ से ढूँढा?” मला तेव्हा सगुणाबाईचा निरोप आठवत होता. दोन ऊन. पण शेठ पहिल्यांदाच माझी पाठ थोपटत होते. मी म्हटलं, ढूँढना पडता है शेठजी. शेठनं तिथल्या तिथं फोन करून कोरड्या मालाच्या भावानं सौदा पक्का केला.

दोन दिवसांनी ट्रक आले. सगुणाबाईनंच परखी लावली आणि तिनंच सांगितलं, “ओलं हाय. तेथी होतं तेवढंच हाय.” तिला फोनवरचं काही माहीत नव्हतं. शेठनं पुडी मागवली, ट्रकातला दाणा आणि पुडीतला दाणा शेजारी शेजारी ठेवून मीटर लावलं. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. व्यापारी ट्रकाबरोबर आला होता. त्यानं आपली पुडी काढली, ती ट्रकातल्या मालाशी जुळत होती. शेठ म्हणाले, तुम्हारी तो मिलेगी ही.

मग सगुणाबाईनं आमच्या पुडीतला एक दाणा घेतला. नखानं सोलला आणि उजेडात धरला. एकदम उन्हात तापलेल्या दाण्याच्या पोटात केसासारखी बारीक चीर पडते. हळू वाळवलेल्या दाण्यात पडत नाही. तिनं तीन-चार दाणे सोलले. प्रत्येकात चीर.

“हे धान वावरात नाही वाळलं,” ती म्हणाली. “पुडीत तापलं.” मग माझ्याकडे वळली. आवाज चढलेला नव्हता. दाणे हातावर ठेवून विचारायची तसंच विचारलं. “गाडी कुठं उभी केली होती रे दिवाकर?”

अंगणात दहा-पंधरा हमाल, सहा-सात बाया, ट्रकवाले, व्यापारी, शेठ. सगळे माझ्याकडे बघत होते.

मला त्याच क्षणी सगळं कळलं. हे मी स्पष्ट लिहितो, कारण पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत राहिलो की तेव्हा मला नीट समजलं नव्हतं. समजलं होतं. पूर्ण समजलं होतं. मी म्हटलं, “कुठंच नाही. थेट आलो.” आणि मग मला राग आला. माझा राग नेहमी खोटं बोलल्यानंतर येतो, हे मला साठाव्या वर्षी लक्षात आलं आहे. मी ओरडलो की पुड्या कोणी बांधल्या, गाठ कोणाची आहे, व्यापाऱ्याशी गोदामात कोण कुजबुजत होतं. हिनंच पुडी बदलली. चोर आहे ही बाई.

सगुणाबाईनं बटव्यातून स्वतःची पुडी काढून टेबलावर ठेवली. “उघडा,” ती शेठला म्हणाली. शेठनं ती उघडली नाही. उघडली असती तर ती ट्रकशी जुळली असती आणि प्रश्न माझ्या डिक्कीवर आला असता. शेठनं व्यापाऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “मेरी मिल में चोरी पकड़ी गई है. अब बात नए सिरे से होगी.” व्यापारी घाबरला. चोरीत नाव आलं की गोंदियात त्याच्या मालाला कोणी हात लावला नसता. सौदा ओल्या मालाच्या भावाच्याही बराच खाली तुटला.

सगुणाबाईला त्याच दिवशी काढलं. आठवड्यानं ऑफिसच्या भिंतीवर पत्र्याचा बोर्ड लागला. ‘नमुना व परखी महिलांनी हाताळू नये.’ उरलेल्या बायांच्या हातची परखी गेली. त्या पुन्हा पाखडायला लागल्या.

महिन्याभरानं मी पगारवाढ मागायला गेलो. शेठ हिशोबाच्या वहीतून वर न बघता म्हणाले, “नवेगाव की मछली अच्छी होती है न, दिवाकर?”

ते शुद्ध शाकाहारी. डब्याचा वास त्यांना त्या संध्याकाळीच आला होता. त्यांना पहिल्या मिनिटापासून ठाऊक होतं. मी पगारवाढ न मागता बाहेर आलो, आणि पुढची पाच वर्षं त्या एका वाक्याच्या बळावर त्यांनी मला कमी पगारात राबवलं. मी बाहेर पडून स्वतःची दलाली सुरू केली तेव्हा सगळ्यांना सांगायला लागलो की शेठनं मला पिळलं, फसवलं. खोटं नव्हतं ते. फक्त त्यांनी मला कशानं बांधलं होतं ते मी सांगत नव्हतो. आणि एक सल्ला मात्र सगळ्यांना द्यायचो. बायांच्या हातात नमुना देऊ नका, मी भोगलं आहे. नाव घेत नव्हतो. पण ऐकणारे मिलवाले होते, आणि दाढवाले भाऊ सांगतात म्हणून त्यांनी ऐकलं. माझ्या स्वतःच्या ऑफिसात बोर्ड नाही. बोर्डाची गरजच पडली नाही, कारण मी बाईला कधी कामावर घेतलंच नाही.

दाढ काढल्यानंतर तिसऱ्या दिवशी मी नागऱ्याच्या रस्त्यानं तिच्या गावाला गेलो. गोंदियापासून अर्ध्या तासाच्या आत. नागऱ्याला शिवाच्या देवळात मी दरवर्षी येतो, तिथून तिचं गाव दिसतं.

ती ओसरीवर बसून सूप हातात घेऊन होती. सत्तरी ओलांडलेली, केस पांढरे, तोंडात एकही दात नाही. मी चप्पल काढली. ती माझ्या गालाकडे बघत राहिली.

“दाढ काढली का?”

मी म्हटलं, हो मावशी.

“उजवी?”

“उजवी.”

“मंग आता कायनं पाहशील?” असं म्हणून ती हसली. मला बसायला पोतं टाकलं. तिच्या सुनेनं चहा आणला. तीस वर्षांनी आलेल्या माणसाला लोक निदान विचारतात, कसा काय आलास. तिनं ते विचारलं नाही. मला वाटतं, ती इतकी वर्षं रोज माझी वाट बघत नव्हती, हेच मला जास्त लागलं.

माझ्या खिशात नव्या मालाची एक पुडी होती. खिशात, डिक्कीत नाही. त्या आठवड्यात मी दाढेविना आंधळा झालो होतो, मीटरवर काम चालवत होतो. सवयीनं पुडी काढली आणि तिच्यापुढं धरली. तिनं धान मुठीत घेतलं, मूठ कानाशी नेली आणि हळू हलवली. डोळे मिटून ऐकलं. मग दुसऱ्या हातात ओतून पुन्हा ऐकलं.

“एक ऊन,” ती म्हणाली. “दात गेल्यावर असंच करतो मी. कोरडं धान वाजते, ओलं बोलत नाही. तू कर.”

मी मूठ कानाशी नेली. मला काहीच ऐकू आलं नाही. तिनं माझी मूठ सैल केली. “दाबून राहिला काऊन? सोड जरा.” घरी येऊन मीटर लावलं तेव्हा तिचा अंदाज बरोबर निघाला. ते मला आधीच माहीत होतं.

तिथं बसून मी ते बोललो. डिक्की, सासुरवाडी, तीन तास, सगळं. ती ऐकत होती, सूप खाली ठेवलं नव्हतं. मी विचारलं, ती तुझी पुडी अजून आहे का.

“कोंबड्यांनी खाल्ली. तीस वर्ष धान ठेवते का कोणी?”

तिथलं काम सुटल्यावर ती आणखी तीन मिलमध्ये गेली होती. दोन ठिकाणी तिला ‘पुडी बदलणारी चोर’ म्हणून ओळखलं, तिसऱ्या ठिकाणी बाया परखी धरत नाहीत असं सांगितलं. मग ती रोवणीला जायला लागली, लोकांच्या शेतात धानाची रोपं लावायला, कंबर वाकेपर्यंत. हे तिनं तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. मी विचारलं म्हणून सांगितलं.

मी म्हटलं, माझ्या वाढदिवसाला हॉलमध्ये ये. गाडी पाठवतो. स्टेजवर शाल-श्रीफळ देतो, हीच माझी गुरू असं सगळ्यांना सांगतो.

“शाल पांघरली म्हणजे मी चोर नाही होत का?”

तिनं सुपातला एक खडा वेचून टाकला.

“तू मले मिलच्या अंगणात चोर म्हटलं,” ती म्हणाली. “इथं ओसरीत येऊन माफी मागून राहिला. हॉलमधल्या लोकायले मी माहीत तरी हाय का? जेथी म्हटलं तेथी जाऊन परत घे.”

मी काय केलं असेल? मी घासाघीस केली. म्हटलं, हॉलमध्ये पाचशे लोक असतील, सगळे मिलवाले, तिथं बोललो तर बात जास्त पसरेल. म्हटलं, शेठ आता फार म्हातारे आहेत. म्हटलं, आधी हॉलमध्ये बोलतो, मिलवर नंतर सवडीनं जाऊ. एकामागून एक, जसा मी पोत्यामागं भाव पाडतो तसा.

ती म्हणाली, “भाव करून राहिला का रे माझ्यासंगं?”

त्या क्षणाइतकी लाज मला आयुष्यात वाटलेली नाही. अंगणात खोटं बोलल्याची लाज जुनी होती, झिजली होती. ही ताजी होती.

“तू येशील का मिलवर?” मी विचारलं.

“मी कायले येऊ? मले माहीतच हाय. बाया सांगतील मले.”

वाढदिवसाच्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत मी त्या मिलवर गेलो. अंगण तेच, फक्त वर पत्र्याची शेड आली आहे. हमाल आणि बाया डबे उघडून बसल्या होत्या. शेठ ऑफिसच्या दारात खुर्चीवर होते, नव्वदीच्या घरात, गुडघ्यावर घोंगडी. मिल आता त्यांचा मुलगा बघतो, त्याला सगळे लहान शेठ म्हणतात. त्याला वाटलं मी पेढे घेऊन आलो.

मी अंगणात मधोमध उभा राहिलो, स्कूटर उभी केली होती तसा, आणि बोललो. भाषणाची मला सवय आहे, पण त्या दिवशी आवाज कुठून काढावा कळेना. म्हटलं, तीस वर्षांपूर्वी इथं सगुणाबाई नावाच्या बाईला मी चोर म्हटलं. तिनं पुडी बदलली नव्हती. पुडी माझ्या डिक्कीत तापली, कारण मी सासुरवाडीला मासळी खात बसलो होतो. तिचा अंदाज बरोबर होता. मला जे काही येतं ते तिनं शिकवलं. चोर मी होतो.

दोन जुन्या बाया होत्या, सगुणाबाईबरोबर काम केलेल्या. त्यातली एक डब्याचं झाकण लावत उठली आणि भिंतीकडे बोट दाखवून म्हणाली, “मंग तो कायले हाय अजून?”

बोर्ड. रंग उडालेला, पण वाचता येतो.

लहान शेठ मला बाजूला घेऊन म्हणाले, अंकल, आपका बड्डे है, गुस्सा मत करो, वो तो पुराना सिस्टम है, अब सब मीटर पे होता है, बोर्ड से क्या फर्क पड़ता है. मी म्हटलं, फर्क पडत नसेल तर काढा. ते म्हणाले, पापा से पूछना पड़ेगा. पापा चार पावलांवर बसले होते. मी वाकून विचारलं, “शेठजी, आपको याद है न? मछली?”

त्यांनी मान वर केली. डोळे अजून तेच, हिशोबाच्या वहीतून वर न बघणारे. म्हणाले, “बैठो. चाय पियो.” आणि घोंगडी नीट केली.

मी चहा घेतला नाही. ओरडलो, जे माझ्या हातात नेहमी असतं ते. लहान शेठनं गेटवरच्या माणसाला बोलावलं आणि मला गाडीपर्यंत सोडलं.

संध्याकाळी हॉलमध्ये तेच पुन्हा बोललो. फ्लेक्स निलेशला काढायला लावला होता, त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता. मी बोलून संपवलं तर लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. एक मिलवाला मिठी मारून म्हणाला, “क्या विनम्रता है, भाऊ.” त्याच्या मिलमध्येही बाया परखी धरत नाहीत. माझ्याच सल्ल्यावरून. मी त्याला तिथंच सांगितलं, तो हसला आणि जेवायच्या रांगेत गेला.

चार दिवसांनी त्या जुन्या बाईकडून सगुणाबाईचा निरोप आला. सगुणाबाईच्या गावचीच ती. निरोप एवढाच होता, “ऐकलं. आता बोर्डाचं पाह्य.”

या धंद्यात नव्यानं येणाऱ्यांना मी एकच सांगतो. नमुना घेतला की मध्ये कुठं थांबू नका, आणि पुडी सावलीत ठेवा. माझ्याकडे आता परखीवर दोन बाया आहेत. धान मुठीत वाजवून बघायला मी अजून शिकतोय, दहातले चार अंदाज चुकतात. यात माझा मोठेपणा काही नाही. हे तीस वर्षांपूर्वीच व्हायचं होतं.

पण माझं उत्तर मी दिलं, उशिरा का होईना. आता लहान शेठ, तुमच्याकडे एक प्रश्न आहे. तो बोर्ड ज्या चोरीसाठी लागला ती चोरी झालीच नव्हती. ती मी रचली, हे मी तुमच्याच अंगणात येऊन सांगितलं. तुमच्या वडिलांना ते मासळीच्या वासावरून पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तरी त्यांनी टेबलावरची पुडी उघडली नाही. मग तो बोर्ड अजून भिंतीवर काऊन आहे? मला चहाला बोलावून उत्तर देऊ नका. जेवणाच्या सुट्टीत अंगणात या, बाया बसल्या असतील, त्यांच्यासमोर द्या.